कन्यादानाला आई एकटी बसली तर?

प्रिय ताई,

येत्या डिसेंबरात माझं लग्न आहे, दादरच्या एका हॉलमध्ये. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. आईने महापालिकेच्या शाळेत शिकवत मला आणि धाकट्या भावाला वाढवलं. आता काका-काकू म्हणतात, ‘कन्यादान आम्ही करू. त्याला जोडी लागते, वहिनींनी बसणं बरं दिसत नाही.’ आई म्हणाली, ‘चालेल.’ मला मात्र ते चालत नाही. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, ‘आमची हरकत नाही, फक्त शास्त्रात बसतं का तेवढं विचारा.’ गुरुजी म्हणाले, ‘तुमचं घरात ठरवा आणि मला सांगा.’ त्यात माझ्या मैत्रिणी म्हणतात, कन्यादान हवंच कशाला, तू काय वस्तू आहेस का? तेही पटतं. मग मी आईसाठी नक्की कशावरून भांडते आहे, हेच कळेनासं होतं. काय करू?

– मुलुंडची नवरी

प्रिय मुलुंडच्या नवरी,

सासूबाईंचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. शास्त्रात बसतं. याज्ञवल्क्यस्मृतीत विवाहाच्या प्रकरणात हा श्लोक आहे: ‘पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा। कन्याप्रदः पूर्वनाशे प्रकृतिस्थः परः परः॥’ मुलगी कोणी द्यायची, तर वडिलांनी, आजोबांनी, भावाने, कुळातल्या माणसाने आणि आईने. आधीचा नसेल तर पुढच्याने. अट एकच, देणारा प्रकृतिस्थ हवा, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला. जननी या यादीत नावानिशी आहे. आणि वडील हयात नाहीत म्हणूनच जिथे आईची पाळी येते, तिथे ती आई विधवा असणार, हे स्मृतिकाराला कळत नव्हतं असं थोडंच आहे? तरी ती सवाष्ण असावी, जोडीने बसावी, असं एक अक्षर त्याने घातलेलं नाही.

आता काकांनी हाच श्लोक उलटा तुझ्यासमोर धरला तर काय, तेही सांगून ठेवते. यादीत सकुल्य आईच्या आधी येतो, आणि सकुल्य म्हणजे काका. हे खरं आहे. ते लपवून तुला त्यांच्यासमोर पाठवलं तर तू पहिल्याच वाक्याला गप्प होशील. पण काकांच्याही आधी कोण आहे ते बघ. भ्राता. तुझ्या पत्रात धाकटा भाऊ एका शब्दापुरता येतो आणि नाहीसा होतो. त्याला कोणी काही विचारलं आहे का? यादीच मानायची तर आजोबा नसल्यास पहिला मान त्या मुलाचा आहे. तो अविवाहित आहे, म्हणजे त्याच्याकडेही जोडी नाही! तो जर म्हणाला, ‘माझ्या जागी आई बसेल,’ तर काकांचा शास्त्राधार तिथेच संपतो. पुढचा श्लोक तर असं सांगतो की देणारं कोणीच नसेल तर मुलीने आपला वर आपण निवडावा. म्हणजे देणारा नाही म्हणून लग्न अडावं, हे त्या काळच्या शास्त्रालाही मंजूर नव्हतं.

‘जोडी लागते’ हे येतं कुठून? आपल्याकडे चाल अशी आहे की वधूचे आईवडील दोघं बसतात. आई झारीने पाण्याची धार धरते, ती वडिलांच्या हातावरून तुमच्या दोघांच्या ओंजळीत आणि तिथून खाली काशाच्या भांड्यात पडते. चाल सुंदरच आहे. पण कथांमध्ये डोकावलीस तर जोडी शोधावी लागते. वाल्मीकींच्या बालकांडात जनक रामाला म्हणतो, ‘इयं सीता मम सुता सहधर्मचरी तव। प्रतीच्छ चैनां भद्रं ते पाणिं गृह्णीष्व पाणिना॥’ ही माझी मुलगी सीता, धर्मात तुझ्या बरोबरीने चालणारी, हिचा स्वीकार कर, हिचा हात हातात घे. असं म्हणून तो मंत्राने पवित्र केलेलं पाणी सोडतो. राणी शेजारी बसली आहे, धार धरते आहे, असं त्या प्रसंगात काही नाही. आणि ही मुलगी तरी त्याची कशी, तर नांगराच्या फाळाला लागलेली, जमिनीतून सापडलेली.

मदुराईच्या मीनाक्षीची गोष्ट तर तुझ्या घरासारखीच आहे. वडील, मलयध्वज पांड्य, वारलेले. आई कांचनमाला हयात. मुलगी राज्य चालवते आहे. लग्न ठरतं शिवाशी, आणि तिचा हात देतो विष्णू, भाऊ म्हणून. मदुराईच्या देवळातलं ते शिल्प फोटोत तू पाहिलं असशील, मधे लाजलेली मीनाक्षी, एका बाजूला शिव, दुसऱ्या बाजूला विष्णू. काकांना ही गोष्ट आवडेल, कारण आई असूनही पुरुषानेच हात दिला. देऊ दे त्यांना दाखला. फक्त विचार, त्या शिल्पात विष्णूशेजारी लक्ष्मी कुठे आहे?

तेव्हा शास्त्राची अडचण नाही. अडचण आहे ती रीतीची, आणि रीत मी हलक्यात घेत नाही. घ्यायची पद्धतही नाही. आश्वलायन गृह्यसूत्र हा घरातल्या संस्कारांचा जुना ग्रंथ लग्नाचा विधी सांगायला बसतो तेव्हा सुरुवातीलाच बजावतो की गावोगावच्या, देशोदेशीच्या चालीरीती नाना प्रकारच्या आहेत, विवाहात त्या पाळाव्यात, आम्ही सगळीकडे समान आहे तेवढंच सांगतो. आपस्तंब हा दुसरा सूत्रकार तर त्याहून पुढे जाऊन म्हणतो की लग्नातल्या रीती बायकांकडून समजून घ्याव्यात. म्हणजे हळद कधी, देवक कसं, कोणी कोणाला ओवाळायचं, हे पोथीत नाही तर घरातल्या बायकांकडे आहे, आणि पोथीने ते मान्य केलं आहे. मग ज्या रीती बायकांच्या हातात आहेत त्या बायकांना बदलताही येतातच. तुझ्या काकू आणि तुझी आई यांच्यात हा प्रश्न सुटणं, हे गुरुजींनी सोडवण्यापेक्षा जास्त सूत्राला धरून आहे.

विधवेने मंगलकार्यात मागे राहायचं, ही रीत ज्यांना सनातन वाटते त्यांनी महाभारताचं आदिपर्व उघडावं. द्रौपदीचं लग्न झालं, नवी नवरी सासूच्या पाया पडली. सासू कोण? कुंती. पंडू जाऊन वर्षं लोटलेली. तिने काय आशीर्वाद दिला? इंद्राला जशी इंद्राणी, सोमाला रोहिणी, नळाला दमयंती, वसिष्ठाला अरुंधती, नारायणाला लक्ष्मी, तशी तू तुझ्या पतींना हो. सौभाग्याचा इतका भरघोस आशीर्वाद, आणि तो देणारी बाई विधवा. तिच्या तोंडून तो अशुभ होईल, असं त्या सभेत कोणी पुटपुटलं नाही.

आणि आपल्या राज्यातली ताजी गोष्ट म्हणजे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद केल्या, आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातलं एक गाव हे करू शकतं, आणि मुलुंडच्या सोसायटीत आपण ‘बरं दिसत नाही’वर अडतो. कोणाला बरं दिसत नाही, हे एकदा काकूंना प्रेमाने विचारून बघ. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘लोकांना.’ ते लोक त्या वेळी स्टार्टरच्या स्टॉलपाशी असतात.

आता मैत्रिणींचा प्रश्न. तो जास्त अवघड आहे आणि त्याला मी गोड मुलामा देणार नाही.

कन्यादानाच्या वेळी म्हणतात तो श्लोक असा: ‘कन्यां कनकसंपन्नां कनकाभरणैर्युताम्। दास्यामि विष्णवे तुभ्यं ब्रह्मलोकजिगीषया॥’ सोन्याने संपन्न, दागिन्यांनी सजलेली ही कन्या ब्रह्मलोक मिळवण्याच्या इच्छेने विष्णुरूप अशा तुला देतो. झवेरी बाजारातला भाव बघता पहिली ओळच आजच्या बापाला घाम फोडणारी आहे, पण खरी खटकणारी ओळ शेवटची. मुलगी द्यायची कशासाठी, तर देणाऱ्याला पुण्य लागावं म्हणून. तुझ्या मैत्रिणींचा राग इथे रास्त आहे. ‘मुलगी परक्याचं धन’ हेसुद्धा कोणा अडाण्याने काढलेलं नाही. कालिदासाचा कण्व शकुंतलेला सासरी धाडल्यावर तेच म्हणतो, ‘अर्थो हि कन्या परकीय एव’, आणि ठेव परत केल्यासारखं माझं मन आता हलकं झालं, असंही म्हणतो. ज्याने तिला लहानाची मोठी केली त्याच्या तोंडी हे वाक्य आहे. ते मला कधीच आवडलेलं नाही, कवी कितीही मोठा असला तरी.

पण त्याच परंपरेने याच्यावर आतूनच हरकतही घेतली आहे, आणि ती तुला ठाऊक असायला हवी. ज्या याज्ञवल्क्याने कन्या देणाऱ्यांची यादी केली, तोच पुढे दानाचे नियम सांगताना म्हणतो, ‘स्वं कुटुम्बाविरोधेन देयं दारसुतादृते।’ कुटुंबाला बाधा न येता आपलं जे असेल ते द्यावं, मात्र बायको आणि मुलं सोडून. ती देता येत नाहीत. मीमांसकांनीही, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनीही, हा वाद घातला. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करायचं असतं, मग आईबाप, मुलंही द्यायची का? उत्तर असं की ज्यावर तुमची मालकी आहे तेवढंच देता येतं, आईबापांवर आणि मुलांवर ती नसते. म्हणजे गाय, जमीन, सोनं देतात तसं हे देणं नाही, हे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनाही सांगावंसं वाटलं. अर्थात, पंडितांनी ग्रंथात सांगितलेलं मांडवात पोचतंच असं नाही.

आणि विधीत या श्लोकापाशी थांबू नकोस, पुढचं ऐक. वर कन्येचा स्वीकार करताना एक वेदमंत्र म्हणतो, ‘क इदं कस्मा अदात्। कामः कामायादात्। कामो दाता कामः प्रतिग्रहीता।’ कोणी कोणाला दिलं हे? कामाने, म्हणजे इच्छेने, कामाला दिलं. देणारा काम, घेणाराही काम. आत्ताच बाप म्हणाला ‘मी देतो’, आणि पुढच्याच क्षणी जावई म्हणतो, देणारा तू नाहीस, घेणारा मी नाही, दोन्हीकडे फक्त इच्छा आहे. लग्नात गुरुजी हे इतक्या घाईत म्हणून जातात की ऐकणाऱ्याला एक शब्द लागत नाही. मला विचारशील तर सबंध कन्यादानात मोठ्याने, सावकाश आणि मराठीत अर्थ सांगून म्हणावं असं वाक्य हेच आहे. त्याच्या जोडीला ते वचन, धर्मात, अर्थात आणि कामात हिला डावलून पुढे जाऊ नकोस, आणि त्यावर नवऱ्या मुलाने तीनदा म्हणायचं ‘नातिचरामि’. हे वचन वधूचं माणूस मागतं आणि वर देतो. कन्यादानाचा हा अर्धा भाग लोक विसरतात, आणि तुझ्या आईच्या तोंडून तो प्रश्न जावयाला विचारला जाणं मला काकांनी विचारण्यापेक्षा कितीतरी जास्त शोभतं. मुलीचं नीट चाललं आहे ना, हे पुढची तीस वर्षं फोन करून कोण विचारणार आहे?

वेदातलं सगळ्यात जुनं लग्न ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे, सूर्येचं, सवित्याच्या मुलीचं. सत्तेचाळीस ऋचांचं सूक्त आहे. आजही पाणिग्रहणाला ‘गृभ्णामि ते सौभगत्वाय हस्तम्’ म्हणतात ते तिथलंच, आणि ‘सम्राज्ञी श्वशुरे भव’ हा सुनेला दिलेला आशीर्वादही तिथलाच. त्यात सविता मुलगी देतो, पण कशी? ‘सूर्यां यत्पत्ये शंसन्तीं मनसा सविताददात्।’ मनाने पतीला होकार देणाऱ्या सूर्येला सवित्याने दिलं. तिचं मन आधी, बापाचं देणं नंतर. वराला विष्णू मानून कन्या देतात ना? त्या गोष्टीतली लक्ष्मीसुद्धा समुद्रातून वर आल्यावर समुद्राने कोणाच्या पदरात टाकलेली नाही. भागवतात ती सगळ्या देवांना न्याहाळते, एकेकात काय उणं आहे ते मनात तोलते, आणि मग विष्णूच्या गळ्यात माळ घालते.

मला तुला जे खरं सांगायचं आहे ते आता येतं. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधी तुला गौरीहरापुढे बसवतील. पाटावर अन्नपूर्णा, हातात अक्षता, मामा बोलवायला येईपर्यंत तू तिथे. त्या गौरीचं लग्न कसं झालं ते कालिदासाने कुमारसंभवात सांगितलं आहे. तिने तप केलं, शिव प्रसन्न झाला, दोघांचं ठरलं. त्यानंतर ती मैत्रिणीकरवी त्याला निरोप धाडते: ‘दाता मे भूभृतां नाथः प्रमाणीक्रियतामिति।’ मला देणारा पर्वतांचा राजा आहे, त्याला विचार. वर तिने निवडला होताच. देणारा कोण, हेही तिनेच सांगितलं. हिमवान कन्यादान करतो ते मुलीने त्याचं नाव घेतलं म्हणून.

हे मुंबईत बघायचं असेल तर गेटवेहून लाँच पकडून घारापुरीला जा, सोमवार सोडून. मुख्य लेण्यात शिवपार्वतीच्या लग्नाचा मोठा शिल्पपट आहे. हातपाय बरेच तुटले आहेत, पण पार्वती शिवाच्या उजवीकडे उभी आहे, म्हणजे अजून लग्न लागायचं आहे. मान किंचित खाली. मागे तिला पुढे करणारा हिमवान, पलीकडे पौरोहित्याला बसलेला ब्रह्मदेव. बहुतेक लोक त्रिमूर्तीसमोर फोटो काढून परत लाँचकडे पळतात. तू या पटासमोर जरा थांब.

आणि मेना, पार्वतीची आई? कालिदासाने तिला एका श्लोकात असं पकडलं आहे की बस. लग्नाचं लोकरीचं कंकण मुलीच्या हाताला बांधताना तिचे डोळे इतके भरून आले की तिने ते भलत्याच जागी बांधलं, आणि दाईने बोटांनी सरकवत ते जागेवर आणलं. तुझी आई बसली तर तिचंही असंच काहीतरी होणार आहे. होऊ दे. शेजारी एक दाई हवी एवढंच, त्याकडे येते.

गिरगावात काही वर्षांपूर्वी एका लग्नात मी हे जवळून पाहिलं आहे. आई एकटी बसली होती, अंजिरी नऊवारीत. झारी तिच्या थोरल्या नणंदेने धरली होती. गुरुजी संकल्प तुकड्या-तुकड्याने सांगत होते आणि बाई मागून म्हणत होत्या. मग गोत्रोच्चार आला. त्यात वधूची ओळख तीन पिढ्यांनी करून देतात, अमक्याची पणती, अमक्याची नात, अमक्याची मुलगी. ‘अमक्याची मुलगी’पाशी त्या बाईंना नवऱ्याचं नाव घ्यायचं होतं. उभा जन्म त्यांनी ते उखाण्याशिवाय घेतलं नसेल. त्या थांबल्या. गुरुजी थांबले. नणंदेच्या हातातली झारी हलली आणि थोडं पाणी काशाच्या भांड्याबाहेर सांडलं. मग त्यांनी नाव घेतलं, खणखणीत, माईकवर. मांडवात पुढे काय झालं ते लिहीत नाही, तुला कल्पना येईल.

हे तुझ्यासाठी अशाकरता लिहिलं की कन्यादानाला कोणीही बसलं तरी तुझ्या बाबांचं नाव त्या क्षणी घेतलं जाणारच आहे. प्रश्न एवढाच, ते कोणी घ्यायचं. काका घेतील ते भावाचं नाव म्हणून घेतील, आणि त्यालाही अर्थ आहे, त्यांनी भाऊ गमावला आहे. हे त्यांच्याशी बोलताना विसरू नकोस. त्यांचा आग्रह सगळाच मानापमानाचा नसेल, भावाच्या जागी उभं राहण्याचाही असेल. पण तुझ्या घरात जोडी बसण्याचा दुसरा परिणाम काय होतो बघ: एरवी झारी आईच्या हातात असते, इथे तीही काकूंच्या हातात जाते. म्हणजे बाबांची जागा काकांनी घेतली आणि आईची काकूंनी. आई हॉलमध्ये असून विधीत कुठेच नाही. तुला ‘चालत नाही’ ते हे, बहुतेक.

कन्यादान नकोच, हाही रस्ता आहे आणि तो नवा नाही. सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली, जोतीराव फुल्यांनी त्यासाठी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू बायकांच्या हक्कांविषयी वराला थेट विचारते. आज पुण्यामुंबईत बायका पौरोहित्य करतात, कन्यादान गाळून पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी असं लग्न लावून देणारेही आहेत. कायद्याचं म्हणशील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ सप्तपदीचं नाव घेतं, कन्यादानाचं नाही. जिथे सप्तपदी रीतीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेही कन्यादान विवाहाला अत्यावश्यक नाही असं म्हटलं. तेव्हा गाळलंस तर लग्नाला काही होत नाही.

तरी माझं मत विचारलंस म्हणून सांगते: आत्ता गाळू नकोस. ज्या वेळी आईला बसवायचं का हा प्रश्न उभा आहे, नेमक्या त्याच वेळी तो विधीच काढून टाकलास, तर काकूंना वाटेल त्यांचं म्हणणं राहिलं, आणि आईला वाटेल आपल्यामुळे लेकीचं काहीतरी कमी झालं. बाबा असते तर तू गाळलं असतंस का, हे स्वतःला विचार. उत्तर ‘हो’ असेल तर बेलाशक गाळ. ‘नाही’ असेल तर आई बसू दे, आणि ब्रह्मलोकाची ओळ गुरुजींना वगळायला सांग. तो वेदमंत्र नाही, श्लोक आहे. वगळला म्हणून कोणतंही आकाश कोसळत नाही.

पण त्याआधी आईशी बोल. माझ्या सगळ्या पुराणापेक्षा हे महत्त्वाचं आहे. तिचं ‘चालेल’ काकूंसमोर निघालं आहे, आणि चारचौघांत निघालेल्या ‘चालेल’ला काही किंमत नसते. तिला एकटीला गाठ, हिंदमाताला साड्या घ्यायला जाल तेव्हा नाहीतर रविवारी भाजी निवडताना, आणि ‘तू बसशील ना?’ असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ती तुझं मन राखून देईल. ‘मला तू हवी आहेस. तुला काय वाटतं?’ असं विचार. ती खरंच म्हणाली की मला सगळ्यांसमोर झेपणार नाही, मी कोलमडेन, तर तेही ऐक. तिला तुझ्या तत्त्वासाठी बोहल्यावर बसवणं हाही एक प्रकारचा हट्टच. मग भावाला बसव आणि झारी आईच्या हातात दे. ती धार आईच्या हातून सुटली तर अर्धं काम झालं.

आई तयार झाली तर काकांकडे तू स्वतः जा, आईला पाठवू नकोस, भावाला सोबत घे. श्लोक फेकू नकोस, तो खिशात असू दे. सांग की मी आईचं नाव घेतलं आहे, पार्वतीने घेतलं होतं तसं, आणि तुम्ही सीमांतपूजनाला पुढे असावं, व्याह्यांची भेट तुम्ही घ्यावी, पाठवणीला तुम्ही हवेत. हे तोंडदेखलं म्हणू नकोस, खरंच दे. काकूंना झारी धरायला सांग. त्या रागावल्या तर रागावू देत, पण माझा अनुभव असा की हातात काम आलं की बायका फार वेळ रागावलेल्या राहत नाहीत.

गुरुजींनी ‘घरात ठरवा’ म्हटलं आहे, म्हणजे त्यांची हरकत नाही. त्यांना चार गोष्टी आत्ताच सांगून ठेव. कर्ती आई आहे, तेव्हा पोथीत ‘सपत्नीक’ वगैरे येईल ते गाळायचं. गोत्रोच्चारात बाबांच्या नावाबरोबर आईचं नावही घ्यायचं, अडत असेल तर मराठीत घ्यायचं. संकल्प छोटे तुकडे करून सांगायचा, आईला आधी एक कागद मोठ्या अक्षरात लिहून द्यायचा. आणि ‘कामः कामायादात्’चा अर्थ मराठीत सांगायचा. लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या भावाने घालायच्या असतात, तो त्याचा मान आहेच, त्या वेळी तो फोटोग्राफरबरोबर गच्चीवर नसावा एवढं बघ.

राहिला हॉल. मुंबईत हॉल तासांवर मिळतो आणि मंगलाष्टकं संपली रे संपली की लोक पाकिटं घेऊन स्टेजवर रांग लावतात. कन्यादान त्या रांगेच्या मागे, लाऊडस्पीकर बंद करून, घाईत उरकलं जातं. मॅनेजरला आणि कॅटररला आत्ताच कळव की अक्षता पडल्यावर अर्धा तास स्टेजवर कोणी चढणार नाही, भेटीगाठी जेवणानंतर. हे पत्रिकेत एका ओळीत छापून टाक, म्हणजे दारात उभं राहून कोणाला समजवायला लागणार नाही.

– तुझी ताई